दोराचं टोक आणि बाबांची टोपी

"फेलिसियानो काका, दोराचं टोक धरायला मिशा लागतात का?"

पैज मैत्रिणींची होती, पण विचारताना लुर्देसचा आवाज जराही कापला नाही. मागे एल्वा आणि मारुजा शालीत तोंड खुपसून खुसखुसत होत्या.

राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक फेलिसियानो काका मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "मिशा नाही गं, अक्कल लागते. टोक सुटलं की विकुन्या पसार, आणि वर्षभराची लोकरही. टोक तुझे बाबाच धरणार. तू जेवणाकडे बघ."

विकुन्या म्हणजे लामा नावाच्या लोकरीच्या प्राण्याच्या रानटी, लाजऱ्या चुलत बहिणी. मनात आणलं तर दोर सहज ओलांडतील, पण त्याला बांधलेल्या रंगीत फिती फडफडल्या की बिचकतात आणि मुकाट कुंपणात शिरतात. मग लोकर कातरायची आणि त्यांना सोडून द्यायचं. त्यासाठीच सगळं गाव सहामा डोंगराच्या पायथ्याशी दोर धरून उभं होतं.

सगळं म्हणजे लुर्देस आणि तिच्या मदतीला दिलेली एल्वा सोडून. लुर्देस फुरंगटून बटाट्यांपाशी बसली होती. घरोघरचे बटाटे, मका, चीज, सुकं मांस, सगळं रिवाजाप्रमाणे एकाच लांबलचक पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर ओतलेलं.

कळप कुंपणाच्या तोंडाशी आला आणि वारा सुटला. बाबांची टोपी उडाली. बाबांनी एकदा विकुन्यांकडे पाहिलं, एकदा टोपीकडे, आणि ते टोपीमागे धावले.

"तेओदोरो, अरे दोर!" काका किंचाळले.

"टोपी नवी आहे," बाबा पळता पळता म्हणाले.

दोर जमिनीवर लोळला. विकुन्यांनी माना वळवल्या. समोर मोकळं रान.

लुर्देसने कापडाचं एक टोक एल्वाच्या हातात कोंबलं. "पळ."

"अगं, जेवण?"

"जेवण गेलं खड्ड्यात. पळ."

बटाटे घरंगळले, मका उधळला, आणि ते कापड बरोबर त्या भगदाडात तंबूसारखं फुगलं. पुढची विकुन्या थबकली, फुरफुरली, वळली. तिच्यामागे अख्खा कळप कुंपणात.

गावाने नुसता जल्लोष केला. मग सगळे गवतात बसून बटाटे वेचू लागले.

"माती लागलीय," मारुजा कुरकुरली.

"माझ्या मिशांनाही लागलीय," काका म्हणाले. "खा गुपचूप."

इतक्यात बाबा टोपी झटकत परतले. "झालं का सगळं नीट?"

आईने मातीने माखलेला एक बटाटा त्यांच्या हातात ठेवला.

लुर्देसने तोंडातला बटाटा गिळला. "आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या वर्षी दोराचं टोक मी धरणार. बाबा बसतील बटाट्यांपाशी. टोपी धरून."