शोभा सिस्टरचा लिंबू वॉर्ड

परभणीत आमच्या शेजारी राहणाऱ्या शोभा सिस्टर आपल्या वांग्याच्या झाडांना लसीकरणाची कार्डं बांधतात. गंगाखेड तालुक्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण डोसाचा वार सुटला नाही. दर मंगळवारी फवारणी.

"डोस चुकला की लेकरू गेलं," असं त्या म्हणतात. लेकरू म्हणजे वांगं.

औषध घरचंच. कडुनिंब, रुई, सीताफळ, घाणेरी असला पाला गोमूत्रात महिनाभर कुजवायचा. त्या ड्रमचं झाकण उघडलं की गल्लीतल्या खिडक्या पटापट लागतात. एकदा आमच्या भेंडीवर मावा दिसला, तर बाईंनी न विचारता भिंतीवरून लसूण-मिरचीचा अर्क मारला. भेंडीमागे दोरीवर ह्यांचे शर्ट होते. ह्यांच्या ऑफिसात दोन दिवस सगळ्यांना भजी खावीशी वाटत होती.

मी भांडायला गेले, तर मलाच ऐकवलं. "ताई, एवढा मावा होईस्तोर तुमचं ध्यान कुठं होतं?"

पांढऱ्या माशीसाठी त्यांनी पिवळे पत्रे एरंडेल माखून टांगलेत. दूधवाल्याची टोपी त्यातल्या एकाला चिकटली, तीही परत मिळाली ती सूचनेसकट: "वाकून येत जा."

यंदा आमच्या लिंबाचा कोवळा पाला अळ्यांनी फस्त केला. मी दुकानातून विषाची बाटली आणली. सिस्टर वाटी घेऊन आल्या आणि एकेक अळी अलगद उचलू लागल्या.

"फेकणार ना?"

"फेकू कशाला? ॲडमिट करायलेय."

त्यांच्या घरात खिडकीपाशी कुंडीत लिंबाचं रोप, त्यावर जुनी मच्छरदाणी. आत माझ्या अळ्या.

"आणि मावा तेवढा मारायचा?" मी म्हटलं.

"मावा निस्ता रस पीत बसतो. हे लेकरू हाय. मोठं होऊन उडतंय."

त्याच सुमारास त्यांच्या लेकीचे, मनीषाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी येणार हे मी धरूनच चालले होते.

"न्हाई, पुण्यालाच हाय. लय मोठा दवाखाना हाय तिथं."

"मग तुम्ही कधी निघताय?"

"वॉर्ड भरलाय, ताई. कशी जाऊ?"

मला हे पटेना. अळ्यांना पाला मी घालते, किल्ली द्या, म्हटलं. तीन दिवस त्यांनी टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांची बॅग भरायलाच गेले. कपाटावरची बॅग ओढली, तर ती भरलेलीच. जुन्या सुती साड्यांची दुपटी, झबली, डिंकाच्या लाडवांचा डबा.

"अहो, मग अडलंय कुठं?"

"तिथं तिची सासू हाय. खोली बी बारकी हाय." त्यांनी फोनकडे पाहिलं. "मनीषा बोलावते म्हणलीय."

निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केलेली बाई. मी मच्छरदाणीशी गेले. काळपट पडलेला एक कोष तडकला होता. आतलं ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू पाय सोडवायला झटत होतं. मी मच्छरदाणी वर करून काडी पुढे केली. सिस्टरनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नका. त्येचं त्ये येतंय. आपण निस्तं जवळ उभं राहायचं."

आम्ही उभ्या राहिलो. पंख सुकले, फुलपाखरू खिडकीतून गेलं, तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.