पाचव्या घडीतला चोर

जेवून पुन्हा कम्प्युटरपुढे बसला आणि प्रल्हादच्या लक्षात आलं, की घरातल्याच कुणीतरी हात मारलाय.

तो जयपूरच्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायचा. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक त्याचा प्रोग्रॅम बघायला येणार होते. लांबलचक प्रोग्रॅम नीट दिसावा म्हणून त्याने सकाळीच एडिटरमध्ये खास सोय केली होती. ओळींच्या घड्या घालून मिटायच्या, आणि घडीच्या आत घडी जाईल तसतसा अक्षरांचा रंग फिका होत जायचा. जेवायला उठताना सगळ्या घड्या मिटल्या होत्या. आता उघडून बघतो, तर सर्वांत आतली पाचवी घडी कोरी!

बायको प्रभा डॉक्टर. ती आत्ताच हॉस्पिटलातून आली होती. म्हणजे उरला मेहुणा अभिषेक. सुट्टीला आलेला, आणि मघापासून याच खोलीत पंख्याखाली लोळणारा.

सकाळपासून फाइल सेव्ह करायची राहिली होती. आता करावी, तर कोरी घडी कायमची कोरी व्हायची. प्रल्हादने तसंच ठेवलं, दार लोटलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय केलंस?"

"कुठे काय, भावोजी?"

"मला सगळं कळलंय. फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

अभिषेकचा चेहरा उतरला. "ताईला नका सांगू. सांगानेरला गाय मध्ये आली. मतलब, एकदमच आली. स्कूटरचा नुसता आरसा गेलाय."

प्रल्हादला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "अजून?"

"फ्रिजमधला घेवर. पण अर्धाच खाल्ला!"

"अरे, प्रोग्रॅमचं बोल!"

"त्याला हात नाही लावला. आईशप्पथ!"

बाकी सगळं भडाभडा ओकणारा हा एवढंच का नाकारतोय? प्रल्हादचा संशय आणखी बळावला. "बस इथे. काय दाबलंस ते दाखव."

अभिषेकने घाबरत माऊस धरला आणि कोऱ्या जागेवरून ओढला. जागा निळी झाली, आणि त्या निळ्यात सगळ्या ओळी जशाच्या तशा उमटल्या.

"भावोजी, हे तर पांढऱ्यावर पांढरं लिहिलंय. रंग कुणी लावले?"

प्रल्हादने त्याच्या हातातला माऊस काढून घेतला. तेवढ्यात प्रभाने दार ढकललं. "दार लावून काय चाललंय दोघांचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"व्हायरस!" दोघं एकदम म्हणाले.

"आणि हात लावत बसलात? पसरेल ना!" प्रभाने पुढे होऊन भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

पडदा काळा झाला.

"गेलं गं..." प्रल्हादच्या तोंडून कसंबसं निघालं.

"गेला ना? मग चला आता, चहा ठेवते."