दोडक्याच्या भाजीवरचे ठसे

अंधारी खोली. जांभळा उजेड. त्यात हिरवेगार चमकणारे बोटांचे ठसे. खून झालाय असं वाटलं ना? गप बसा. गुन्हा एवढाच, की कुणीतरी आमच्या घरमालकांच्या दारात दोडक्याची भाजी ठेवली.

घरमालक म्हणजे नाना. भूगावात तीन मजले, खाली ते, वर आम्ही भाडेकरू. पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीभर एकच काम केलं: लोखंडी पार्टांना चमकणारं औषध लावायचं आणि जांभळ्या दिव्याखाली भेगा शोधायच्या. रिटायर झाले, खोड गेली नाही. "कुटं लपतोय बघतोच!" हे म्हणताना उजवी भुवई पार टकलावर. ही नक्कल मी जिन्यात करतो. हाउसफुल!

नानी लेकीच्या बाळंतपणाला सूसला गेल्या आणि नाना चहा-खारीवर आले. माझ्या आईनं भाजी पाठवली, ती तशीच परत. "आमी काय उघड्यावर पडलोय व्हय?" मग मी रोज डबा गुपचूप दारात ठेवून पळायला लागलो.

नाना पेटले. "कोन हाय त्यो दानशूर? तोंड दाव की!" चमकणारी पावडर आणली, डब्यावर ब्रशनं फिरवली, दिवा लावला. आणि भाजी?

"ती पुरावा म्हनून तपासली."

डबा चाटूनपुसून साफ!

ठसे जुळवायला बोटं हवीत. म्हणून कधी पाणी न विचारणाऱ्या माणसानं अख्ख्या बिल्डिंगला चहाला बोलावलं. स्टीलचे पेले. चहा संपला, की पेला जप्त, वर भाडेकरूचं नाव. अरे, पाहुणचार आहे की पोलीस चौकी? माझं डोकंच फिरलं.

माझ्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची आडवी रेघ आहे. पेल्यावर ती चमकली, डब्यावरही चमकली. सापडलो.

संध्याकाळी नाना आमच्या दारात. हातात आमचे सगळे डबे, घासूनपुसून. प्रत्येकात शिरा. करपलेला.

"नाना, एवढ्यासाठी ही तपासणी?"

"मग? रिकामा डबा परत द्यायची रीत न्हाई आमच्यात. भरून द्यायचा, तर द्यायचा कुनाला?"

आई डोळे पुसत हसली. मीही हसलो, तिथंच चुकलो.

"दात काय काढतुयास, गाढवा? चोरावानी डबा ठिवून पळतुयास! बेल वाजवायची, आत यायचं, समोर बसून खायचं. दोडका खातो रं मी, येकट्यानं घास उतरंना. उद्या ताट घिऊन ये. तुजं बी!"