निमकरांचे पाहुणे

निमकरांनी कोट चढवला की आमच्या सोसायटीतल्या खिडक्या पटापट बंद व्हायच्या.

नोएडातली आमची सोसायटी म्हणजे केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी मिळून बांधलेल्या चार इमारती. तळमजल्यावर निमकर एकटे राहत. राखाडी कोट, टाय, चकचकीत बूट असा थाट करून हा माणूस आपली पांढरी अॅम्बॅसिडर पुसायला लागला की लोक समजायचे, आज कुणाच्या तरी घरी बिनसलंय. कुणाचा मुलगा नशेत घरातल्या वस्तू फोडतोय, कुणाची सून कित्येक दिवस झोपलेली नाही आणि भिंतीशी बोलतेय, कुणी आतून कडी लावून बसलंय आणि जीव देईन म्हणतंय. अशा माणसाला घरातून उचलून, म्हणजे न उचलता, दवाखान्यापर्यंत नीट नेणं हे निमकरांचं काम. कुणी दिलेलं नव्हे, त्यांनी आपणहून घेतलेलं.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही कोट घातलात आणि आमच्या जिन्यात शिरलात की सगळ्यांना कळतं हो."

निमकर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून दूध आणायला गेले. मग रोजच. जून महिन्यात, दिल्लीचं ऊन डोक्यावर नाचत असताना, हा माणूस टाय लावून भाजीवाल्याशी दुधीवरून हुज्जत घालायचा.

"काका, उकडत नाही का?" मी विचारलं.

"बिल्कुल उकडतं," ते रुमालाने मान पुसत म्हणाले. "पण आता ओळखा म्हणावं, मी कुणाकडे चाललोय ते."

नोकरीत असताना निमकर एका मंत्रालयात पाहुण्यांच्या गाड्यांची व्यवस्था बघत. परदेशातून शिष्टमंडळ यायचं. कुणी कुठल्या गाडीत बसायचं, कुणाच्या शेजारी कुणाला अजिबात बसवायचं नाही, विमानतळापासून हॉटेलपर्यंत रस्ता कुठला, हे सगळं ते ठरवायचे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "दौऱ्यावर होतो हो." निवृत्त झाले, पण भाषा तीच राहिली. आजारी माणसाला ते पेशंट म्हणत नसत, 'पाहुणे' म्हणत. दवाखान्यात नेणं म्हणजे 'दौरा'. आणि अधूनमधून, कुणीही आजारी नसताना, ते उगाच दवाखान्यांत जाऊन यायचे. फाटक कुठलं उघडं असतं, व्हीलचेअर कुणाकडे मागायची, रविवारी डॉक्टर कोण असतात. त्याला ते 'आगाऊ पाहणी' म्हणायचे. लोक सुट्टीच्या दिवशी इंडिया गेटला जातात. निमकर मनोरुग्णालयाच्या पायऱ्या बघायला जायचे.

हे सुरू कसं झालं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. आमच्या समोरच्या गल्लीत एक शाळेतल्या बाई राहायच्या. एका दुपारी त्यांचं मन ताळ्यावर राहिलं नाही, आणि त्या गच्चीवर जाऊन ओरडायला लागल्या. घरचे घाबरले, त्यांनी पोलीस बोलावले. पोलिसांनी आपल्या परीने त्यांना खाली आणलं आणि जीपमध्ये बसवलं. सगळी गल्ली बघत होती. बाईंच्या पायात चप्पल नव्हती.

"मी बड्या लोकांच्या मेव्हण्यांना गाड्या लावून दिल्या हो," निमकर म्हणाले. "नुसते कुतुबमिनार बघायला आलेले मेव्हणे. आणि या बाईंना आयुष्यात एकदा गाडीची गरज पडली, तर ती जीप?"

त्या दिवसापासून त्यांनी अॅम्बॅसिडरच्या मागच्या सीटला पांढरे धुतलेले टॉवेल घातले.

ते लोकांना फार चमत्कारिक वाटत, आणि ते होतेही. त्यांच्या अटी असायच्या. गाडीत रडकी गाणी नाहीत. गाडीत उपदेश नाही. पाहुण्यांच्या शेजारी घरातलं असं एकच माणूस बसेल, ज्याच्यावर पाहुण्यांचा सगळ्यात कमी राग आहे. आणि आरडाओरडा करणारे नातेवाईक मागच्या टॅक्सीत. ही टॅक्सी ते स्वतः नाक्यावरून ठरवून आणायचे. तिच्या चालकाला बजावून ठेवायचे, "आप थोडा पीछे रहना, भाईसाब. जितना पीछे, उतना अच्छा."

हे सगळं मी लांबून पाहत होते आणि हसत होते. मग एका रविवारी सकाळी मीच त्यांचं दार वाजवलं.

माझा धाकटा भाऊ शिरीष. वडील गेल्यावर आई, तो आणि मी असे तिघे राहत होतो. मी ऑफिसात, तो एका कंपनीत विक्रीच्या कामावर. पिणं तिथेच सुरू झालं आणि मग घरी आलं. त्या आठवड्यात आईने त्याला शपथ घातली आणि त्याने दारू एकदम सोडली. आम्हाला वाटलं, देव पावला. पण दोन-तीन दिवसांत त्याचे हात कापायला लागले, अंग घामाने भिजायला लागलं, आणि रविवारी उठल्यावर तो कोपऱ्यात बसून भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर मुंगी नव्हती.

निमकरांनी ऐकून घेतलं, मला एकही प्रश्न जास्त विचारला नाही, आणि लगेच दवाखान्यात फोन लावला. "दारू अचानक बंद केली आहे, भास होतायत, हात थरथरतायत. आणतोय. बेड आहे ना?" फोन ठेवून माझ्याकडे वळले. "हे वाट बघण्यासारखं नाही, सुनीताबाई. चलो. गाडी लावतो."

आम्ही वर गेलो तेव्हा जनकपुरीहून आमचे मामा येऊन पोचले होते. मामांचा बेत तयार होता. "त्याला सांगू, माझ्या मुलीला बघायला पाहुणे येतायत, चल आमच्याकडे. एकदा गाडीत बसला की झालं. आणि नाहीच ऐकलं तर मी दोन माणसं आणलीयत, हातपाय धरून नेऊ."

"असं नाही करत," निमकर म्हणाले.

"अहो, त्याला काय कळतंय आत्ता?"

"पाहुण्यांना दौऱ्याचा कार्यक्रम सांगावा लागतो. कळो न कळो." आणि मामांना तिथेच ठेवून ते आतल्या खोलीत गेले, कोटासकट खाली फरशीवर बसले. त्यांचा गुडघा कटकन वाजला.

"नमस्कार, शिरीषराव. मी खालचा निमकर."

शिरीषराव! गेलं वर्षभर त्या घरात त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. अरे ए, उठ, शुद्धीत ये, मर एकदाचा. मी दारात उभी होते.

"काका, मुंग्या," शिरीष म्हणाला. "बघा ना किती."

"मला नाही दिसत. पण तुम्हाला दिसतायत म्हणजे त्रास होतच असणार. हातावर पण आहेत का?"

"हो."

"हे दारू एकदम बंद झाल्यामुळे होतं. त्याला औषध आहे. आपण आत्ता दवाखान्यात जायचंय. लग्नाला नाही, साखरपुड्याला नाही, दवाखान्यात. मी फोन केलाय. डॉक्टर तुमची वाट बघतायत."

"वेड्यांच्या?"

"त्याच. शेजारी व्यसनाचाही वॉर्ड आहे. तुम्ही त्यात."

शिरीषने हातावरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाला, "पुढे बसणार मी."

"पाहुणे पुढे नाही बसत. मागे डावीकडे, ती मानाची सीट. आणि दार मी लॉक करणार. आधीच सांगून करतोय."

शेजारी कोण बसणार, हे त्यांनी शिरीषलाच विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. आई पदर डोळ्यांना लावून मागे सरली. मामा, त्यांची दोन माणसं आणि त्यांचा सगळा आवाज मागच्या टॅक्सीत गेला.

यमुनेच्या पुलाआधी गाड्या तुंबल्या होत्या. शिरीष एकदम हँडल ओढायला लागला. "उतरवा मला. काका, उतरवा. ताई, सांग ना यांना!" तो माझ्यापेक्षा ताकदीने दुप्पट. मी त्याचा हात धरला, पण तो माझ्या हातात राहत नव्हता.

निमकरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मान वळवली. मागच्या टॅक्सीतून मामांचा आवाज येत होता. निमकरांनी काच वर केली.

"काय हवंय, शिरीषराव?"

"परत घरी न्या."

"ते नाही करता येणार. दुसरं काही सांगा."

"पाणी."

त्यांनी थर्मासमधून पाणी दिलं. निम्मं त्याच्या शर्टावर सांडलं. "थांबू आपण थोडं," ते म्हणाले. "पण फार नको. मला भीती वाटतेय."

शिरीष थबकला. "तुम्हाला कसली भीती?"

"तुम्हाला फिट येईल याची. असं होतं कधीकधी. इथे रस्त्यात आली तर मला काही करता येणार नाही. मी नुसता गाडीवाला आहे."

इतके दिवस शिरीषला सगळे रागावले होते, रडले होते, शपथा घालत होते. त्याच्यासाठी भीती वाटते असं साध्या आवाजात कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्याचा हात हँडलवरून हळूहळू खाली आला. "चला मग," तो म्हणाला. "घ्या लवकर."

दवाखान्याच्या दारात व्हीलचेअर उभी होती. निमकर खाली उतरले, कोटाचं बटण लावलं, स्वतः दार उघडलं आणि वॉर्डबॉयला म्हणाले, "शिरीषराव आए हैं. साहब को आराम से लीजिए." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वेळेवर आणलंत, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मामा तिथल्या बाकावर बसून आता अगदी लहान मुलासारखे रडत होते. निमकरांनी थर्मासमधलं उरलेलं पाणी त्यांना दिलं.

शिरीष बरा झाला. लगेच नाही. एकदा घसरला, पुन्हा दवाखान्यात गेला, त्या वेळी आपल्या पायांनी गेला. मग सावरला. गुडगावला नोकरी लागली, तिकडेच खोली घेतली, सुट्टीला घरी यायला लागला. आईच्या हातचं खाऊन गाल वर आले.

अशाच एका सुट्टीला मी आणि तो सेक्टरच्या बाजारात गेलो होतो. समोरून निमकर आले. आम्हाला बघितलं, आणि तिथल्या तिथे वळून एका ड्रायक्लीनरची पाटी वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत, एखाद्या शिलालेखासारखी. शिरीषची पावलं क्षणभर अडखळली. मग तो पलीकडच्या दुकानांच्या रांगेत शिरला आणि भराभर चालत गेला.

मला अगदी मेल्यासारखं झालं. शिरीष गुडगावला परतल्यावर मी खाली निमकरांकडे गेले. "काका, त्याच्या वतीने मी—"

"पाहिलंत ना तुम्ही?" त्यांचा चेहरा खुलला होता. "कसा ताठ चालत गेला! मला टाळलंन त्याने. वा!"

"यात वा काय, काका?" मी म्हटलं.

"अहो, जो अजून डळमळीत असतो तो मला नमस्कार करतो," ते म्हणाले. "काका, तुमचे फार उपकार, वगैरे. मग मला काळजी वाटते. ज्याला माझं तोंड बघवत नाही, तो बरा झाला. त्याला आता आपली इज्जत आहे. त्या अवस्थेत ज्याने आपल्याला पाहिलं, त्याला रोज बाजारात कोण भेटेल? मी आपला पाटी वाचतो. ओळख द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि देतं का कुणी?"

"छे." जणू काही उत्तम निकाल सांगावा तसं म्हणाले. "सगळे बरे आहेत."

मी त्यांच्या खोलीत बघत राहिले. इतक्या घरांचं आतलं दुखणं या माणसाला ठाऊक, आणि गणपतीच्या आरतीला हा मंडपाच्या टोकाला खांबाआड उभा असतो, लग्नांची बोलावणी याला येत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत खटकलं नव्हतं. त्यांना मात्र या एकटेपणाची सवय असावी. त्या उत्तम निकालाचा म्हणून त्यांनी मला एक पेढा दिला.

मी उठले, तेव्हा ते दारापर्यंत आले. जरा घुटमळले. मग म्हणाले, "तुम्ही मात्र ओळख द्यायला हरकत नाही, सुनीताबाई. तुम्ही गाडीत होतात, पण तुम्ही पाहुण्या नव्हतात."

"रविवारी जेवायला या," मी म्हटलं. "आई पुरणपोळ्या करणार आहे."

"शिरीषराव असणार आहेत का?"

"नाही. या आठवड्यात तो येत नाहीये."

"मग येतो."

रविवारी आले. आईने आग्रह करकरून वाढलं. फार दिवसांत कुणी वाढलं नसावं. ताटावरून हात फिरवून ते दर वेळी नको म्हणत आणि मग घेत. बोलणं इकडचं तिकडचं. जेवता जेवता त्यांची नजर टीव्हीवर ठेवलेल्या फोटोवर गेली. शिरीषचा, ऑफिसच्या सहलीत काढलेला, मित्रांच्या खांद्यावर हात टाकून हसतानाचा. हातातला घास तसाच ठेवून ते त्याच्याकडे बघत राहिले. या वेळी तिथे वाचायला पाटी नव्हती, आणि नजर चुकवायचं कारणही नव्हतं. आई तुपाची वाटी घेऊन थांबली.

"वजन वाढलंय," निमकर शेवटी म्हणाले.

"हो," आई म्हणाली. "तूप वाढू?"

"वाढा," ते म्हणाले, आणि फोटोवरची नजर न काढता ताट पुढे केलं.