आबांनी नापास केलेलं मशीन

जुनं मशीन बघायला गेलं की आमचे आबा आधी त्याला कान लावतात. डोळे मिटून, लोखंडाला गाल टेकवून इतका वेळ निश्चल उभे राहतात, की मशीनचा मालक घाबरून माझ्याकडे बघायला लागतो. एकदा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ते खरंच घोरायला लागले होते. जाग आल्यावर शांतपणे म्हणाले, "लय सुस्त हाय. नगं."

आबा साताऱ्यातले माझे शेजारी. पलटणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुभेदार, घरी एकटेच. माझा मखरं आणि देव्हारे बनवायचा छोटा धंदा. हातकरवतीनं कमानी कापून कापून मनगट गेलं, तेव्हा मी जुना बँडसॉ घ्यायचं ठरवलं. वर एक चाक, खाली एक चाक, त्यांच्यावरून गोल फिरणारं लांब पातं. लाकूड कसंही वळवा, सरसर कापलं जातं. पण जुन्यातलं बरंवाईट मला कळेना. म्हणून आबांना सोबत घेतलं.

आबांच्या तोंडी मशीन म्हणजे कायम बाईमाणूस. नवा रंग दिसला की ते नाक मुरडत. "म्हातारपणी पावडर कशापायी फासलीया? कुटंतरी तडा हाय बग." मग नखानं रंग खरवडत, आणि खाली वेल्डिंगचा व्रण निघायचाच. चाकावरचं रबर गालगुच्चा घेतल्यासारखं चिमटीत धरत. शेवटी मशीन चालू करून टेबलावर रुपया उभा करत. तो पडला की "थरथरतीया बिचारी" म्हणून पाठ फिरवत.

अशा कितीतरी बिचाऱ्या नापास झाल्या. इकडे गणपती तोंडावर आले, आणि मी मखरांच्या ऑर्डरी घेऊन बसलेलो.

मग सांगलीतल्या एका मशीनचा पत्ता लागला. आज आणायचंच, असं ठरवून मी टेम्पोच काढला. कृष्णेकाठी, हळदीच्या वासानं भरलेल्या गल्लीत एका म्हाताऱ्या सुताराची शेड होती. सगळे त्यांना नाना म्हणत. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे उतरले होते आणि त्यांत भुसा सोन्यासारखा तरंगत होता. मधोमध मशीन. रंग कधीच उडालेला, पण पुसून पुसून लखलखीत.

"पोरगं म्हनतंय, आता तुमचं हात हालत्यात, कशाला ठेवताय?" नाना म्हणाले. "हितं गाडी लावायची हाय त्येला."

त्यांनी बटण दाबलं. नदीवरून वारा यावा तसा लांबलचक सूर निघाला. नानांनी टेबलावर हात टेकला, आणि तो हलणारा हात स्थिर झाला. रुपया उभा राहिला, उभाच राहिला. आबांनी कान लावला. मला तर समोर कमानीच कमानी दिसायला लागल्या.

आबांनी डोळे उघडले ते नानांकडे बघत.

"न्हाई," ते म्हणाले. "वरचं चाक डोलतंय. ही कोन घेनार न्हाई, नाना. पोराला सांगा, सुभेदारानं तपासलीया. रोज जरा फिरवत जावा, न्हाईतर गंजंल."

नानांनी गोंधळून चाकाकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "लय डोलतंय."

आणि चहा पाजल्याशिवाय सोडेनात.

रिकामा टेम्पो खडखडत परत निघाला. मी रागानं गिअर आदळत होतो. हायवेवरचं मलकापूर आलं तेव्हा मात्र राहवलं नाही.

"आबा, चाक कुठं डोलत होतं?"

"कुटं बी न्हाई. अशी मशिन पुना घावायची न्हाई तुला."

"मग?"

आबा बाहेर उसावर उतरलेलं संध्याकाळचं ऊन बघत होते.

"आमची ही गेल्यावर तिची शिलाई मशिन मी दिऊन टाकली. जागा अडतीया म्हनून. तवापासनं दुपार संपत न्हाई रं गड्या."

मी टेम्पो चालवत राहिलो.

"तू टेम्पो वळवत हुतास, तवा नानाशी बोललोय," थोड्या वेळानं आबा म्हणाले. "लाकडं त्येच्याच शेडात आनून कापा म्हनलाय."

मग खिडकीकडे तोंड करूनच विचारलं, "मला बी नेशील न्हवं?"