पिस्तूलवाली आणि कपाटाची मूठ

"आमच्या घरात टाचणी पडली ना, तर आवाजानं ती टाचणीच दचकते!" असं लिफ्टबाई सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गेले सात आठवडे दुपारी एक ते पाच त्या घरात कुणी धड शिंकलंसुद्धा नव्हतं.

लिफ्टबाई हे काही तिचं नाव नव्हे. ते तिच्या मानगुटीवर बसलेलं भूत होतं! ती आवाज देण्याचं काम करायची. सहा वर्षांपूर्वी तिनं लिफ्टच्या कंपनीसाठी "कृपया दारापासून दूर राहा", "दार उघडत आहे" अशी अकरा वाक्यं रेकॉर्ड केली, आणि संपलं! तेव्हापासून दवाखान्यात म्हणू नका, दुकानात म्हणू नका, तिनं तोंड उघडलं की माणसं टवकारून बघायची. "अय्या, लिफ्टमधल्या तुम्हीच ना? म्हणा ना एकदा, दार उघडत आहे!" सख्खा दीर घरात शिरता शिरता विचारायचा, "काय वहिनी, वर की खाली?" ती हसायची, पण आतून जळून खाक व्हायची.

आणि अशात तिला पुस्तक मिळालं. ऐकायचं पुस्तक, चांगलं सोळा तासांचं! त्यातलं जग भलतंच होतं. शंभर वर्षांपूर्वी जिंकायचं ते युद्ध तिथला राजा हरला होता, वाफेचं इंजिन कुणाला सुचलंच नव्हतं, आणि वाळवंटातून गाडीचे डबे ओढायच्या हत्तीएवढ्या घोरपडी! अशा त्या रखरखाटात एकटी हिंडणारी पिस्तूलवाली ही नायिका. तिचं पिस्तूल मंतरलेलं. आजवर कुणालाच न सांगितलेली एखादी खरी गोष्ट बोलली, तरच गोळी सुटायची. खोटं बोललं की नुसतं खट्ट!

"हे पुस्तक एकदा बाहेर येऊ दे," ती नवऱ्याला म्हणाली, "मग बघते मला कोण लिफ्टबाई म्हणतंय ते!"

फक्त संपादकांनी एक बजावलं होतं. शेवटचं प्रकरण गुरुवारी पाचच्या आत हातात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर सगळं पुस्तक मधाळबाईंकडून नव्यानं वाचून घेणार. या मधाळबाई चपलेची जाहिरातसुद्धा अंगाई गायल्यासारखी वाचायच्या आणि दर वर्षी बक्षीस घेऊन जायच्या. त्यांचं नाव निघालं की लिफ्टबाई घटाघटा पाणी प्यायची.

तर गुरुवार उजाडला, आणि दुपारी सगळी तयारी झाली. नवरा घड्याळजी, त्याचं दुकान घरातच. त्यानं भिंतीवरची सातही घड्याळं थांबवली, कारण माइकला टिकटिक ऐकू येते. फ्रीज बंद केला, कारण तो गुरगुरतो. लिफ्टबाईनं आपला फोन त्या बंद फ्रीजमध्ये ठेवला. ही तिची जुनी युक्ती. काम संपल्यावर फोन घ्यायला गेलं की फ्रीज चालू करायची आठवण होते. मग ती भिंतीतल्या कपाटात शिरली. हाच तिचा स्टुडिओ! चारी बाजूंनी ब्लँकेटं आणि दुलया, मध्ये स्टूल, माइक आणि मिणमिणता दिवा. दाराला नवऱ्यानं स्वतःच्या हातानं रबराची पट्टी ठोकलेली, हवासुद्धा विचारून आत यायची. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून तो बाहेरच्या खोलीत. आणि त्याला हेडफोन लावून समोर सासूबाई.

सासूबाई पहिल्या दिवशी सहज म्हणून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जेवण लवकर आटोपून बसल्या. आता त्यांना पिस्तूलवालीशिवाय घास उतरत नव्हता. पण बाई शिस्तीच्या एकदम पक्क्या! रेकॉर्डिंग चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, दाराला हात लावायचा नाही, काही सांगायचंच असलं तर पाटीवर लिहायचं. हा नियम लिफ्टबाईनंच सगळ्यांना घोटून घोटून शिकवला होता.

प्रकरण झकास रंगलं. फौजदारानं पिस्तूलवालीला लोखंडी डब्यात कोंडलं. बाहेरून अडसर घातला. घोरपड दरीच्या दिशेनं सुसाट सुटली. पिस्तुलात एकच गोळी उरलेली! लिफ्टबाईनं पान उलटलं, तर पुढे पानच नव्हतं. शेवटचं पान बाहेर प्रिंटरवर राहिलं होतं.

"हात्तिच्या!" ती पुटपुटली, उठली आणि दाराची मूठ फिरवली. मूठ हातात आली.

क्षणभर तिला वाटलं, बसेल परत. नाही बसली! मुठीच्या जागी एक भोक, भोकात एक गज, आणि तो गज तिच्यासमोर खुशाल बाहेरच्या मुठीकडे सरकून गेला. तिनं दाराला खांदा लावला. दार ढिम्म. किती वाजले असतील? चार? साडेचार? घड्याळजीची बायको, आणि जवळ एक घड्याळ नाही!

"कोणी आहे का? कृपया दार उघडा!" ती ओरडली.

बाहेर सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. शाब्बास! आता लागला रंग!

"दार उघडत नाहीये! मी आत अडकले आहे!" धाड, धाड, धाड!

दुलयांमधून जेमतेम ढब, ढब असा आवाज बाहेर आला. नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि पाटीवर लिहिलं, "काय चाललंय?"

सासूबाईंनी लिहिलं, "तुरुंग फोडतेय. हलू नकोस!"

नवरा हातातला चिमटासुद्धा खाली न ठेवता तसाच बसून राहिला.

आत लिफ्टबाईला घाम फुटला. हाका जात नाहीत असं कसं होईल? सासूबाईंच्या कानात तर आपला श्वाससुद्धा जातोय! आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जातोय, पण पिस्तूलवालीचा म्हणून जातोय! आता पुस्तकात नाही असं काहीतरी बोलायला हवं होतं.

"आई, ही गोष्ट नाहीये! ही मी आहे, मी! तुमच्या गोळीची वेळ झाली!"

सासूबाईंनी निमूटपणे गोळी घेतली. किती मन लावून लिहिलंय पुस्तक, ऐकणाऱ्याच्या औषधाचीही काळजी!

"आई, तुमची ती निळी बरणी मांजरानं नाही फोडली! मी फोडली!"

सासूबाईंनी श्वास रोखला. खरी गोष्ट! कुणालाच न सांगितलेली! आता गोळी सुटणार!

"आणि अहो, तुम्ही घोरत नाही असं मी सांगते ना? साफ खोटं! तुम्ही असे घोरता की फ्रीज बरा! आता तरी उघडा हो!"

गोळी काही सुटेना. सासूबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. बिचारी! एवढं खरं बोलतेय, तरी पिस्तूल ऐकत नाही.

लिफ्टबाईनं लाथा घातल्या. मूठ भोकात खुपसून पाहिली. माइकचा दांडा फटीत घालून पाहिला, तो वाकला. हवा जड झाली होती. दिवा आपल्याकडे कीव करून बघतोय असं तिला वाटायला लागलं. आता मधाळबाईंना फोन जाईल. त्या गोड आवाजात म्हणतील, "अगं बाई, हो का? मी वाचते ना!" आणि ही जन्मभर लोकांना सांगत बसेल, दार बंद होत आहे. ती मटकन स्टुलावर बसली, दुलईत तोंड खुपसलं आणि गप्प झाली. अगदी गप्प.

बाहेर सासूबाई वाट बघत होत्या. एक मिनिट झालं. ओरडणं नाही, धडपड नाही. दोन मिनिटं झाली. पिस्तूलवालीचा श्वाससुद्धा ऐकू येईना! त्यांनी हेडफोन घट्ट दाबले. तिसरं मिनिट काही त्यांच्यानं निघेना. सात आठवड्यांची शिस्त गेली उडत! त्यांनी हेडफोन भिरकावले, तरातरा कपाटाशी गेल्या आणि बाहेरची मूठ धरून दार खसकन ओढलं.

"खरं सांग मला! मेली का गं ती?"

लिफ्टबाईनं दुलईतून डोकं वर काढलं. केस विस्कटलेले, नाक लाल. "किती वाजले?" ती किंचाळली.

नवऱ्यानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं. सातही घड्याळांत एक वाजला होता! सासूबाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "चार बावन्न!"

मग जी पळापळ झाली! नवऱ्यानं प्रिंटरवरचं पान आणलं आणि दार पाठीनं अडवून धरलं. वाकडा माइक सासूबाईंनी दोन्ही हातांनी उभा केला. आणि लिफ्टबाईनं, ऊर धपापत, शेवटचं पान वाचलं. दरी समोर आलेली. पिस्तूलवाली अडसरावर नेम धरते आणि आयुष्यात प्रथमच कबूल करते, "मला भीती वाटते. खूप भीती वाटते." गोळी सुटते! वाचताना लिफ्टबाईचा आवाज फाटला, सासूबाई माइक धरून मुसमुसल्या, आणि घड्याळजीनं घाईघाईनं नाक पुसलं. कापाकापीला वेळच नव्हता. चार एकोणसाठला सबंध फाइल जशीच्या तशी रवाना झाली.

"आता त्या बरणीबद्दल बोलू," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि घोरण्याबद्दल," नवरा म्हणाला. मध्येच उठून, आईच्या हेडफोनला बाजूनं कान लावून ते त्यानंही ऐकलं होतं म्हणे. इतका वेळ बिचारा पुस्तकावरच रागावला होता.

बोलणं तासभर चाललं, आणि ते संपायच्या आतच फ्रीज वाजायला लागला. लिफ्टबाईनं धावत जाऊन फोन बाहेर काढला. संपादक होते.

"बाई, पुस्तक तुमचंच! शेवटचं पान ऐकून अंगावर काटा आला. तो बरणीचा प्रसंग मूळ पुस्तकात सापडत नाही, पण असू दे, छान आहे."

तिला आनंदानं रडू फुटणार होतं.

"फक्त एक जागा पुन्हा करावी लागेल," संपादक पुढे म्हणाले. "ती आत अडकल्यावर हाका मारते ना? तेवढं खोटं वाटतं हो! खरंच अडकलेलं माणूस कधी 'कृपया' म्हणेल का? ते ऐकताना मला सारखं वाटत होतं, आता तिसरा मजला येणार."