ग्लेनचा हजारचा स्पीड

जुना टीव्ही घराबाहेर काढायचा, एवढंच ग्लेन बॅसेटने ठरवलं होतं. त्यात वाईट असं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावाची नगरपालिका वर्षातून एकदा अडगळ उचलून नेते. त्या आठवड्यात सगळी गल्ली आपापल्या घरापुढच्या गवताच्या पट्टीवर मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या शेगड्या आणि लग्नात आहेर आलेले दिवे मांडून ठेवते, आणि पालिकेची गाडी यायच्या आत निम्मी अडगळ शेजारपाजारच्या घरांत पोचलेली असते. (ग्लेनच्या घरातल्या सहा खुर्च्यांपैकी चार अशाच आलेल्या होत्या. पण त्या बायकोने, म्हणजे लिनेटने, उचलून आणल्या होत्या, म्हणून त्याला निवड म्हणायचं.)

नवा टीव्ही दरवाजाएवढा होता. दुकानदार म्हणाला होता की आता सगळं इंटरनेटवरून येतं, छपरावरच्या अँटेनाला कुत्रंदेखील विचारत नाही. ग्लेनने ते इतकं मनावर घेतलं की रविवारी शिडी लावून छपरावर चढला आणि अँटेनाही उपटून खाली आणला. त्याची एक काडी वाकलेली होती, कारण काकाकुव्यांची एक टोळी रोज सकाळी तिच्यावर बसून सभा भरवायची. टीव्ही गवतावर ठेवला, वर अँटेना ठेवला. संध्याकाळी पाहतो तर दोन्ही गायब. कुणा गरजूची सोय झाली म्हणून ग्लेनला बरं वाटलं.

हा सगळा खटाटोप वॉलींसाठी होता. वॉली म्हणजे ग्लेनचे सासरे. वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले, आवाज मात्र मूळचा. ग्लेनच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. 'गड्या' म्हणायचे. आता या देशात गड्या कुणालाही म्हणतात. जिवलग मित्राला म्हणतात, गाडी अडवणाऱ्या पोलिसाला म्हणतात, आणि ज्याचं नाव आठवत नाही त्यालाही म्हणतात. आपण यातल्या नेमक्या कुठल्या रांगेत आहोत, हे ग्लेनला अजून उमगलं नव्हतं. धाकटा जावई क्रेग, म्हणजे ग्लेनचा साडू, याला मात्र ते 'क्रेग' म्हणत. दोन्ही अक्षरं सुटी सुटी, स्वच्छ. ग्लेन कुणाला बोलून दाखवत नसे, पण ते त्याला फार लागायचं.

क्रेगचं नाव लक्षात राहायला कारण होतं. फूटीची, म्हणजे तिथल्या फुटबॉलची, ग्रँड फायनल दरवर्षी क्रेगच्या घरी बघायची, अशी त्या कुटुंबाची रीत पडली होती. आणि यंदा एकतीस वर्षांनी वॉलींचा संघ फायनलला पोचला. जेवणाच्या टेबलावर त्याचीच चर्चा चालली होती, आणि ग्लेनच्या तोंडून निघून गेलं, "यंदा सगळे आमच्याकडे या ना."

वॉलींनी तोंडातला घास थांबवला. "तुझ्याकडे? मी काही पुढच्या फायनलपर्यंत टिकणार नाही. यंदाची नीट दिसली पाहिजे. बघ बुवा, गड्या."

झालं. त्या दिवसापासून ग्लेनची झोप उडाली.

नवा टीव्ही लावला तर पहिल्याच शनिवारी चित्र गोठलं. खेळाडू हवेत उडी मारलेला, चेंडू बोटांपासून वीतभर लांब, आणि मधोमध एक चकती गरगर फिरतेय. ती सहा मिनिटं फिरत राहिली. ग्लेनने होबार्टला राहणाऱ्या मुलीला, ब्रिजेटला, फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एका टीव्हीला पंचवीसचा स्पीड रग्गड होतो, आणि तेवढा तुमच्याकडे आहे. तुमचा मोडेम धुण्याच्या खोलीत ड्रायरच्या मागे पडलाय ना, तो आधी बाहेर काढा."

सल्ला फुकटचा होता, म्हणून ग्लेनने तो घेतला नाही. त्याने इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिकडून विचारलं, पन्नासचा देऊ की शंभरचा? ग्लेनने विचारलं, सगळ्यात वरचा कितीचा? हजारचा. मग तोच द्या, ग्लेन म्हणाला. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्रेगपेक्षा कमी पडायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. त्याने ड्रायरमागून मोडेम ओढून काढला, त्याच्यावरचे दोन मोजे लिनेटच्या हातात दिले, आणि मोडेम टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. चित्र आरशासारखं लख्ख झालं. ग्लेनने त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, "हजार तो हजारच." नवा स्पीड सोमवारपासून सुरू होणार आहे, असं तो माणूस सांगत होता, पण ग्लेनचं लक्ष नव्हतं.

सोमवारपासून ग्लेनला स्पीड मोजायचं वेड लागलं. हातात फोन धरून तो घरभर हिंडायचा. बैठकीत नऊशे चाळीस. स्वयंपाकघरात सहाशे. संडासात दोनशे दहा, पण तिथे टीव्ही बघायचा नाही, असं लिनेटने बजावलं. लोक नातवंडांचं वजन सांगतात तसा तो आपल्या नोकरीच्या ठिकाणी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, रोज सकाळी आकडा सांगू लागला. मोजणी चालू असताना मायक्रोवेव्ह लावायचा नाही, असा नियम झाला, आणि लिनेटने तीन दिवस दूध चुलीवर तापवलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "लग्नात बाबांनी मला विचारलं होतं, नक्की ना? तेव्हा मी हो म्हणाले होते."

फायनलचा शनिवार उजाडला. बाहेर स्वच्छ ऊन, अंगणात शेगडीवर सॉसेज, आणि दुपारी अडीचच्या ठोक्याला चौदा माणसं टीव्हीपुढे. मधल्या आरामखुर्चीत गळ्यात संघाचा मफलर घालून वॉली. खेळ सुरू झाला. चित्र असं सुरळीत की गवताची पाती मोजून घ्यावीत. वॉली पुढे झुकले आणि म्हणाले, "झकास दिसतंय, गड्या." ग्लेनने क्रेगकडे बघितलं. क्रेग सॉसेज खात होता, पण त्याचा चेहरा पडलेला आहे असं ग्लेनला वाटलं.

आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून किंकाळी आली.

पलीकडे डुल्सीबाई राहायच्या. वय एकोणऐंशी, एकट्या, आणि नेमक्या विरुद्ध संघाच्या भक्त. किंकाळी आनंदाची होती. इकडे टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात लोळत होता. बरोबर चाळीस सेकंदांनी विरुद्ध संघाचा गोल झाला.

योगायोग, असं ग्लेन म्हणाला. पुढच्या खेपेला पलीकडून "मेले, मेले" असा विलाप आला आणि चाळीस सेकंदांनी आपला गोल झाला. तिसऱ्या खेपेनंतर योगायोग म्हणायची सोय राहिली नाही. चौथ्या खेपेला तर डुल्सीबाईंनी गळा काढल्याबरोबर ग्लेनच्या घरात टाळ्या पडल्या. पडद्यावर अजून काहीही झालेलं नव्हतं. दहा मिनिटांत चौदाच्या चौदा माणसं टीव्हीकडे तोंड आणि कुंपणाकडे कान करून बसली होती.

"चित्र छान आहे रे," क्रेग म्हणाला. "कालचं आहे का?"

वॉलींनी मान वळवून ग्लेनकडे नुसतं बघितलं. तो फोन घेऊन संडासात गेला (दोनशे दहा) आणि त्याने कंपनीची मदतसेवा लावली. टेगन नावाची एक मुलगी फोनवर आली.

"ग्लेन, तुमचा स्पीड मला इथून दिसतोय, ग्लेन. नऊशे एक्केचाळीस. उत्तम आहे."

"पण शेजारणीला माझ्याआधी दिसतंय."

"इंटरनेटवरून थेट खेळ सगळ्यांनाच थोडा मागून दिसतो, ग्लेन. स्पीड हजार करा नाहीतर दहा हजार. लगेच बघायचं असेल तर छपरावरचा अँटेना सगळ्यात बरा. आहे ना तुमच्याकडे, ग्लेन?"

ग्लेनने फोन ठेवला. अनोळखी मुलगी एका मिनिटात चार वेळा नाव घेते आणि सासरे अठ्ठावीस वर्षांत एकदाही घेत नाहीत, हा विचार त्या प्रसंगीही त्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

मग डुल्सीबाईंच्या हातापाया पडायचं ठरवून तो कुंपणाच्या सैल फळीतून पलीकडे गेला. जरा हळू ओरडा, एवढीच त्याची विनंती होती. पण त्यांच्या अंगणात पाय ठेवताच त्याची नजर छपरावर गेली. तिथे एक अँटेना होता. त्याची एक काडी वाकलेली होती, आणि तिच्यावर दोन काकाकुवे बसलेले होते. खिडकीतून आत बघितलं तर टीव्ही. त्याच्या कोपऱ्यावर ब्रिजेटने सहाव्या वर्षी चिकटवलेला पेंग्विन अजून तसाच होता.

"ये, ये," डुल्सीबाई म्हणाल्या. "बघ काय चित्र आहे. कोण कुठला शहाणा हे गवतावर टाकून गेला होता, देव त्याचं भलं करो."

हात दाखवून अवलक्षण कसं असतं, ते ग्लेनला त्या क्षणी पुरतं कळलं. आपलाच टीव्ही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण पाठीमागे फळी कुरकुरली. वॉली आत येत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सॉसेज, गळ्यात मफलर. त्यांच्या मागे क्रेग खुर्ची घेऊन, क्रेगच्या मागे लिनेट कोशिंबिरीचं भांडं घेऊन, आणि तिच्या मागे उरलेली सगळी वरात.

"डुल्सी, तुझा संघ भिकार आहे," वॉली म्हणाले, "पण टीव्ही झकास आहे."

"बस खाली आणि रड," डुल्सीबाई म्हणाल्या, आणि त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली.

शेवटचा डाव तिथेच रंगला. इंच इंच लढत चालली होती. ग्लेन दाराला टेकून उभा होता, कारण बसायला जागा नव्हती आणि बसावं असं तोंडही राहिलं नव्हतं. शेवटची दोन मिनिटं उरली, आपला संघ चार गुणांनी मागे, एक गोल झाला की सहा गुण आणि अजिंक्यपद. आणि पडद्यावरची नजर न हलवता वॉली म्हणाले, "गड्या, सॉस संपलाय. तुझ्याकडून आण."

सासऱ्यांनी सांगितलेलं एवढं एक काम तरी चोख करावं म्हणून ग्लेन धावला. स्वयंपाकघरात फ्रिज उघडला, सॉसची बाटली हातात घेतली, आणि पलीकडून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला. त्यात डुल्सीबाईंचा आवाज होता, वॉलींचा होता, क्रेगचाही होता. पण आनंदाचा कुठला आणि दुःखाचा कुठला, ते काही केल्या कळेना. एकतीस वर्षांतला तो एक क्षण, आणि आपण फ्रिजपुढे.

मग त्याला ते चाळीस सेकंद आठवले. तो बैठकीत पळाला.

रिकाम्या खुर्च्यांपुढे दरवाजाएवढा टीव्ही आपला इमानाने चालू होता. त्याच्यावर शेवटचा भोंगा नुकताच वाजत होता. आपल्या खेळाडूने चेंडू छातीशी धरलेला होता, आणि नियमाप्रमाणे एक लाथ त्याची बाकी होती. खेळाडूने मोजे वर ओढले. चार पावलं मागे गेला. ग्लेनने सॉसची बाटली छातीशी धरली. लाथ बसली, चेंडू उंच गेला, डावीकडे वळला, ग्लेनही डावीकडे वळला, मग चेंडू अलगद उजवीकडे झुकला आणि दोन उंच खांबांच्या बरोबर मधून गेला. चित्र एकदाही अडखळलं नाही.

"गोल," ग्लेन ओरडला. "गोल झाला, गोल, जिंकलो आपण." तो एकटाच आरामखुर्चीभोवती नाचला. बाटलीचं झाकण उडालं आणि सॉस छताला लागला. लिनेटला काय सांगायचं हा विचारही त्याच्या मनात आला नाही, इतका तो सुखात होता.

कुंपणापलीकडे सगळ्यांनी ते ऐकलं. मग वॉलींचा तो मूळचा आवाज, अंगण ओलांडून, खिडकीतून, स्वच्छ आणि सुटा सुटा ऐकू आला.

"ग्लेनला आत्ता कळलं."

सगळी वरात आणि डुल्सीबाई खो खो हसत सुटली. ग्लेन नाचता नाचता थांबला. सासऱ्यांनी नाव घेतलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी, सगळ्यांसमोर, पूर्ण नाव. त्याचे डोळे भरून आले. सॉसची बाटली घेऊन तो फळीतून पलीकडे गेला, सगळ्यांकडे बघून हसला, वॉलींच्या सॉसेजवर हवा तेवढा सॉस ओतला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

आता त्या घरात कुणालाही एखादा विनोद उशिरा समजला की बाकीचे म्हणतात, ग्लेनला आत्ता कळलं. पण त्या दुपारी तो जमिनीवर बसून नुसता नावावरच खूश होता. वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला तो अंदाजे चाळीस सेकंदांनी.